साडी ‘व्यवस्थित’ नाही?

सांगलीतील एका निर्यातदार कारखान्यात परदेशी ग्राहक येणार होते. आमच्या परिचयातील एक अभियंता भगिनी सादरीकरणासाठी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून गेल्या. वरिष्ठ म्हणाले, ‘‘मॅडम, आज आंतरराष्ट्रीय बैठक आहे. जरा व्यवस्थित कपडे घालून या.’’ साडी ‘अव्यवस्थित’ केव्हापासून ठरली, हा प्रश्न तेथे कोणालाच पडला नाही!

ज्यांच्या नजरेची एवढी धास्ती, ते जग केव्हाच पुढे गेले आहे. जपान सरकारने २००५ साली ऊर्जाबचतीसाठी उन्हाळ्यात टाय-कोट उतरविण्याची मोहीम काढली आणि पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायविना वावरले. १० डिसेंबर २०१९ रोजी स्टॉकहोममध्ये अभिजित बॅनर्जी यांनी धोतर, तर फ्रान्समध्ये जन्मलेल्या एस्थर डुफ्लो यांनी साडी नेसून नोबेल पारितोषिक स्वीकारले. राजदरबाराच्या शिष्टाचाराला कोठेही बाध आला नाही. आमच्याकडे मात्र २०१४ साली चेन्नईतील एका क्लबने वेष्टी नेसलेल्या न्यायमूर्तींना दारातच अडविले. अखेर तमिळनाडू विधानसभेला कायदा करावा लागला. साहेब गेला, त्याचा पहारेकरी मात्र आमच्या मनाच्या दारात उभाच आहे.

अर्थात स्वदेशी म्हणजे गबाळेपणा नव्हे. चुरगळलेला झब्बा आणि मळकी चप्पल हा स्वाभिमान नसून पाहुण्यांचा अनादर आहे. बंद गळ्याचा नेटका कोट, चापूनचोपून नेसलेली साडी, स्वच्छ पादत्राणे आणि यंत्रशाळेत सुरक्षेचा पोशाख, एवढे पथ्य पाळलेच पाहिजे. सूटही वर्ज्य नाही. आक्षेप आहे तो त्याच्या सक्तीला आणि त्यामागील न्यूनगंडाला.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या ओसाड माळावर कारखाना उभारला. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडाने जमीन नासते, असे मानणाऱ्या शेतकऱ्यांनीही पुढे त्यांचा लोखंडी नांगर स्वीकारला, तो कशाच्या बळावर? विकणाऱ्याच्या पोशाखावर नव्हे, नांगराच्या गुणावर!

परदेशी ग्राहक मालाचा दर्जा, वेळेची शिस्त आणि शब्दाची किंमत पाहतो. सातारा-सांगलीच्या उद्योजकांनी पुढील बैठकीपूर्वी याची तयारी जरूर तपासावी. आपल्या लेकीसुनांना मात्र साडी बदलून येण्यास सांगू नये.