विहिरीचे पाणी आणि प्रथम वर्षाचे प्रात्यक्षिक

चिखली-खामगाव रस्त्यावरील अमडापूरसारख्या गावातून जो विद्यार्थी विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षाला जातो, त्याच्या वाट्याला येणाऱ्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. ब्युरेटमधून आम्लारीचे थेंब सोडावयाचे, फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी झाले की थांबावयाचे आणि आकडा गतवर्षीच्या जर्नलशी जुळवून घ्यावयाचा! अशा प्रयोगशाळेत संगणकाला जोडलेले संवेदक आणणे ही चैन आहे, असे म्हणून विषय झटकून टाकणे पुरोगामी चळवळीला शोभणारे नाही.

काचेचा इलेक्ट्रोड द्रावणात बुडविला की सामूच्या प्रत्येक एककामागे, २५ अंश सेल्सिअसला, सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. त्याचे अंक होऊन पडद्यावर आलेख उमटत जातो. ॲसेटिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड पडत असता ती रेषा बराच वेळ संथपणे चढते आणि एका थेंबासरशी उभी राहते. येथे मिथिल ऑरेंज का चालत नाही, हे मग पाठ करावे लागत नाही. प्रयोग आणि आलेख एकाच क्षणी दिसण्याला महत्त्व आहे. अमेरिकेत हीदर ब्रासेल यांनी १९८७ मध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांबाबत दाखवून दिले की, गतीचा आलेख काही सेकंद उशिरा दाखविला तरी बहुतेक लाभ नाहीसा होतो.

परंतु यंत्र कोणाचे, हा प्रश्न उरतोच. एकाच कंपनीची आज्ञावली आणि तिचेच संवेदक अशी बंदिस्त पेटी घेतली की महाविद्यालय त्या कंपनीचे कायमचे कूळ बनते. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्राने ‘एक्सपआईज’ हे उपकरण विकसित करून त्याचा आराखडा व आज्ञावली सर्वांना खुली ठेवली आहे. सरकारी अनुदानाचा पैसा अशा मार्गाने खर्च व्हावयास हवा. शिवाय इलेक्ट्रोड सुट्टीत कोरडा पडला तर बिघडतो आणि प्रमाणित द्रावणांत वरचेवर तपासून घ्यावा लागतो. प्रयोगशाळा सहायकाचे पद रिक्त ठेवून संवेदकांचे उद्घाटन करणे म्हणजे बैलाविना औत विकत घेणे होय.

आणि हे संवेदक बुडवावयाचे कशात? घाट उतरला की पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा लागतो. तेथील विहिरींचे खारट पाणी पिढ्यान्‌पिढ्या शेतीला आणि माणसाला छळत आहे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घटक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. विद्युतवाहकतेच्या संवेदकाने त्याचा अंदाज काही मिनिटांत येतो. फ्लोराइड वा नायट्रेट त्यातून कळत नाही, हेही विद्यार्थ्याला शिकवावयास हवे. याच जिल्ह्यातील लोणारचे अल्कधर्मी सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा नमुने नागपूर-पुण्याला धाडावे लागले. सूक्ष्मजीव ओळखणे मोठ्या संस्थांचेच काम. मात्र सामू आणि क्षारता यांची वर्षानुवर्षांची नोंद ठेवणे प्रथम वर्षाच्या वर्गाच्या आवाक्यातले आहे.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढे विद्यार्थी आणि शिक्षक कार्यकर्त्यांनी ही मागणी मांडावी: वर्षातील निदान चार प्रात्यक्षिके विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या विहिरीतून आणलेल्या नमुन्यांवर व्हावीत. नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात आणि मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांची शासकीय प्रयोगशाळेत विनामूल्य फेरतपासणी व्हावी.