राखेतला निखारा
अमेरिकेत पहिलं घर घेतलेल्या आपल्या मुलामुलींना दिवाणखान्यातली फायरप्लेस फार आवडते. थंडी पडली की कधी एकदा ती पेटवतो असं होतं. पण त्याआधी चिमणी तपासून घ्या. तिथल्या अग्निसुरक्षेच्या एनएफपीए २११ या मानकानुसार ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी, आणि घराची मालकी बदलताना तर आत कॅमेरा सोडून अधिक कसून. लाकडाचा धूर वर जाता जाता थंड होतो आणि आतल्या भिंतींवर क्रिओसोटचा डांबरासारखा थर धरतो. तो पेटला, तर चिमणीलाच आग लागते. ओल्या लाकडाने हा थर झपाट्याने वाढतो, म्हणून निदान सहा महिने वाळलेलं लाकूडच जाळा. काडी ओढण्याआधी धुराची झडप उघडी आहे ना, ते बघा. ती बंद राहिली, तर धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला ना रंग, ना वास. झोपायच्या खोल्यांबाहेर त्याचा अलार्म हवाच. आणि राख? आपल्या आज्या रात्री निखारा राखेत पुरून ठेवायच्या आणि पहाटे त्यावरच चूल पेटवायच्या. विझलेली दिसणारी राख आतून धगधगत असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा ती कागदी पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात कधीही भरू नका. झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घराबाहेर, भिंतीपासून दूर ठेवा. नव्या घराची ऊब सुखाची राहावी, म्हणून एवढं कराच.