वरच्या फळीवरची पुस्तके

नवी पिढी वाचत नाही, ही तक्रार आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती करणाऱ्यांनी स्वतः शेवटचे पुस्तक कधी वाचले, हे विचारण्याची सोय राहिलेली नाही. यंदाच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतील नववी ते बारावीच्या आठ-दहा मुलांबरोबर दर रविवारी रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरेनहाइट ४५१’ ही कादंबरी वाचायला घेतली, तेव्हा मीही हीच तक्रार मनात घेऊन बसलो होतो.

१९५३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतील अग्निशामक दल आग विझवीत नाही. ज्या घरात पुस्तके सापडतील, ते घर रॉकेल ओतून पेटवून देते. पुस्तके जाळली म्हटले की माझ्या पिढीला नालंदा आठवते, मे १९३३ मध्ये बर्लिनच्या चौकात नाझींनी पेटवलेली होळी आठवते. मी तर व्याख्यानाची टिपणेच काढून नेली होती. पुस्तकांचा शत्रू कोण, हे मला आधीच ठाऊक होते!

ते व्याख्यान झालेच नाही. अकरावीतील एका मुलीने दलप्रमुख कॅप्टन बीटी याचे लांबलचक भाषण पुढे केले. बीटी नायक माँटॅगला सांगतो की, हे सारे प्रथम सरकारने लादले नव्हते. लोकांनाच वाचनाचा कंटाळा आला. ग्रंथांचे सारांश झाले, सारांशांची चार ओळींची टिपणे झाली. प्रत्येक पुस्तक कोणत्या ना कोणत्या गटाला खुपू लागले आणि ते खुपणारे पुस्तक नाहीसे करणे सर्वांनाच सोयीचे वाटले. आग शेवटी आली.

“म्हणजे काका, यात बाहेरून आलेला आक्रमक कोणी नाहीच?” तिने विचारले.

माँटॅगच्या पत्नीच्या कानात अहोरात्र चिमुकले ध्वनियंत्र असते आणि दिवाणखान्याच्या तीन भिंती म्हणजे तीन भलेमोठे दूरचित्रवाणीचे पडदे. हा भाग वाचताना एका मुलाने गळ्यात लोंबणारे इअरफोन हळूच खिशात टाकले. मी काही बोललो नाही.

इतके काळोखे भविष्य कोवळ्या वयात कशाला दाखवायचे, असे काही पालकांनी विचारले. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण ही कादंबरी काळोखात संपत नाही. अखेरीस माँटॅगला भेटतात ती एकेक ग्रंथ मुखोद्गत करून तो जपणारी माणसे. वेद पाठांतराने जपलेल्या समाजातील वाचकाला हा शेवट परका वाटण्याचे कारण नाही.

मला अधिक विचार करायला लावला तो या पुस्तकाच्याच वाट्याला आलेल्या भोगाने. १९६७ मध्ये प्रकाशकाने शाळांसाठी निराळी आवृत्ती काढली आणि लेखकाला न कळवता शिव्या, गर्भपाताचा उल्लेख असे मुलांना अनुचित वाटणारे शब्द गाळले किंवा बदलले. सुमारे ७५ ठिकाणी कात्री लागली. पुढे काही वर्षे तर पेपरबॅकमध्ये हीच संहिता विकली जात होती. १९७९ मध्ये ब्रॅडबरी यांनी या प्रकाराला जाहीर वाचा फोडली. ही विसंगती त्यांना पत्रांतून कळवणाऱ्यांत विद्यार्थी होते. कात्री चालवणाऱ्यांचा हेतू दुष्ट होता असे मला वाटत नाही. मुलांचे भले आपल्याला कळते, एवढीच त्यांची खात्री होती.

ही हकिकत सांगून झाल्यावर तीच मुलगी म्हणाली, “काका, तुमच्या कपाटातले कोणते पुस्तक तुम्ही आम्हाला वाचायला देणार नाही?”

माझ्या वरच्या फळीवर मागच्या ओळीत तीन पुस्तके आहेत. एक तिथे आहे ते मुलांच्या वयाचा विचार करून. उरलेली दोन, लेखक माझ्या विचारांचा नाही म्हणून. “पुढच्या रविवारी सांगतो,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. तो रविवार परवा आहे, आणि ती दोन पुस्तके खाली काढून मी टेबलावर ठेवली आहेत.