गाडी बंद, तोंडं चालू

परवा विम्याच्या नूतनीकरणाला आलेला पोरगा ‘रोडसाइड असिस्टन्स’ घ्याच म्हणून गळ घालत होता. वर थोडे पैसे भरायचे, गाडी कुठंही बंद पडली की फोन करायचा, माणूस हजर. मी त्याला चहा पाजला आणि गाव विचारलं. पुण्याचा निघाला, म्हणजे त्याचा दोष नाही. कोल्हापुरात बंद गाडीपाशी माणूस यावा म्हणून पैसे भरायचे? आलेला माणूस जावा म्हणून कुणी विमा काढत असेल, तर पहिला हप्ता मी आत्ता भरतो.

आमची पद्मिनी नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. तिच्या डाव्या दारावर मी एक अख्खं सदर खर्ची घातलं होतं. नव्यांसाठी एवढंच: सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी. मूळची फियाट ११००, पुढं पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली, तेव्हा लोकांनी मला सांत्वनाचे फोन केले होते.

ऊन तापलं की पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबिळाच्या आसपास, ही बसकण मारते. कारण साधं. इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. उपाय त्याहून साधा: पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि गप्प बसायचं. पंप निवला की गाडी चालू. फडकं माझ्या डिकीत असतं. गप्प बसायला मात्र कुणी देत नाही.

गेल्या रविवारी बॉनेट उघडलं न उघडलं तोच एक बुलेट थांबली. “काय झालंय ओ?” उत्तराची वाट न बघता त्यानं निकाल दिला, “कॉईल गेली.” मी म्हटलं, “पंप तापलाय, निवेल.” माझ्याकडं त्यानं पेशंटनं स्वतःच्या रोगाचं नाव सांगावं तसं बघितलं. तेवढ्यात स्कूटरवरून एक आजोबा उतरले. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेलेला. “कॉईलला काय धाड भरलीया? पॉइंट घासलासा काय?” आणि खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला. रविवारी सकाळी, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात पॉलिश पेपर! म्हादबा मेस्त्रींसारख्या यंत्रांच्या जादूगाराच्या गावात आणखी काय निघणार म्हणा. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून आजोबांनी तिच्यात फुंकरही मारली.

आमच्या हिनं एव्हाना शेंगांची पुडी सोडली होती. ती अशा वेळी खाली उतरत नाही.

कॉईल की पॉइंट हा वाद पाचेक मिनिटं चांगला शास्त्रशुद्ध चालला. मग बुलेटवाल्यानं विचारलं, “आजोबा, पेठ कुठली?” आजोबा म्हणाले, “मंगळवार.” बुलेटवाला शिवाजी पेठेचा. संपलं. एक पाटाकडील तालमीचा, दुसरा शिवाजी तरुण मंडळाचा. शाहू स्टेडियमवर कधीकाळी न दिलेली एक पेनल्टी वाघबिळाच्या वळणावर पुन्हा मागितली गेली. माझ्या मडगार्डवर शेंगांची टरफलं मांडून बचावफळी उभी राहिली. गोलकीपर म्हणून स्पार्क प्लगचा जुना पाना होता. आणखी दोन गाड्या थांबल्या. त्यातल्यांना पद्मिनी बंद आहे याचा पत्ताही नव्हता. हातात कॅन घेतलेला एक दूधवाला मात्र रेफ्रीच्या बाजूनं बोलला आणि दोन्ही पेठांनी एकदिलानं त्याला गप्प केलं.

रेफ्री ही जमात कोल्हापुरात तग कशी धरते, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. इथं माणूस कुस्तीचा निकाल मानतो, कारण पाठ मातीला लागलेली दिसते. ऑफसाइड दिसत नाही. ती ज्याच्या त्याच्या पेठेतून दिसते.

माझं फडकं वाळलं होतं. डिस्ट्रिब्यूटरची टोपी हळूच जागेवर बसवली, आत बसलो, चावी फिरवली. एका फटक्यात चालू. टरफलांची बचावफळी थरथरून खाली सांडली आणि दोघं भानावर आले.

“बघा, पॉइंट घासलं म्हणून.”

“घासलं म्हणून कुठलं? कॉईल गार झाली.”

मी दोघांचे आभार मानले आणि गिअर टाकला. मागून आजोबांचा आवाज आला, “ओ, पॉइंट तेवढं बदलून घ्या!” दुसरा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण ते पेनल्टीबद्दलच होतं.