गोळ्या तेवढ्या नकोत, पंपही न्या!

पावसाळा सरता सरता आमच्या तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला गाजर गवत फुलतं, ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी चढते आणि माझ्या औषधांच्या दुकानात धाप लागलेल्या माणसांची रीघ लागते. कुणाला सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंका, कुणाची छाती रात्रभर वाजते. नातवाला घेऊन आलेली आजी चिठ्ठी पुढे करते आणि हळूच सांगते, "यातला पंप राहू दे ताई, त्याची सवय लागते. गोळ्या तेवढ्या द्या."

ही भीती लेकरांच्या जिवावर उठते. दम्याच्या पंपाचं, म्हणजे इनहेलरचं, व्यसन लागत नाही. औषध थेट श्वासनलिकेत पोचतं, म्हणून ते अगदी थोडं पुरतं. साल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याचीच २ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे तसे २० पफ. गोळीतलं औषध रक्तातून अंगभर फिरतं. गोळीनं हात थरथरतात, छाती धडधडते, ती त्यामुळेच. हा हिशेब मी चिठ्ठीच्या पाठीवर मांडून दाखवते.

चिठ्ठीत बहुधा दोन पंप असतात. एक साल्ब्युटामॉलचा, बहुतेकदा निळा, आवळलेली श्वासनलिका सैल करून लगेच आराम देतो. दुसरा ब्युडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडचा. तो नलिकेच्या आतली सूज उतरवतो. याचा गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात. शिवाय 'स्टिरॉइड' ऐकूनच लोक बिचकतात. पण इथंही मात्रा मायक्रोग्रॅममध्येच असते. पंप घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही. लहान मुलांना तो स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावूनच द्यावा.

होतं असं की, आराम देतो म्हणून निळा पंप महिन्याच्या महिन्याला नेला जातो आणि सूज उतरवणारा दुकानातच राहतो. निळ्यात साधारण २०० पफ असतात. वर्षाला असे तीन पंप संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो. बारा लागत असतील तर जिवाचाच. म्हणूनच दम्यावर काम करणाऱ्या 'जीना' या जागतिक उपक्रमानं २०१९ पासून सांगितलंय, की मोठ्यांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका.

ब्युडेसोनाइडचा पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तो आणि स्पेसर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळाला पाहिजे. पंप हलवा, श्वास सोडा, दाबताच सावकाश आत ओढा, दहापर्यंत मोजत रोखा, हे तिथं करून दाखवणारं माणूसही हवं. शाळांनी मुलाचा पंप कपाटात कुलूपबंद करू नये. आणि आम्हा औषधविक्रेत्यांनी निळा पंप पुन्हापुन्हा नेणाऱ्याला, "दुसरा चालू आहे ना?" एवढं विचारल्याशिवाय पैसे घेऊ नयेत.