सॉफ्टबॉल म्हणजे ‘सोपा बेसबॉल’ नव्हे

मा. संपादक,

आंतरविद्यापीठ महिला सॉफ्टबॉलवरचा खर्च वायफळ आहे आणि तो ‘मुलींसाठीचा सोपा बेसबॉल’ आहे, हे आपल्या एका वाचकाने पत्रात मांडलेले मत मला मुळीच पटले नाही.

बेसबॉलमध्ये चेंडू साठ फुटांवरून येतो, महिला सॉफ्टबॉलमध्ये ४३ फुटांवरून. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत पोहोचतो; ताशी १४० किलोमीटरच्या बेसबॉललाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. चेंडू टाकताना हात खालून फिरतो म्हणून खेळ सोपा, हे मैदानाकडे न पाहता केलेले विधान आहे. आणि चेंडू ‘सॉफ्ट’ मुळीच नसतो!

अमेरिकेत १९७२च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणे बंधनकारक झाले, १९८२पासून एनसीएए या तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची महिला सॉफ्टबॉल अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. आज तिथली मैदाने खच्चून भरतात. आधी संधी मिळाली, प्रेक्षक नंतर आले. आपल्याकडे मात्र आधी गर्दी दाखवा, मग पैसे मागा, असा उलटा हट्ट का?

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा आहे. विद्यापीठाने निधी कमी करू नये, आणि त्या पत्रलेखकांनी एक सामना तरी मैदानावर जाऊन पाहावा, ही विनंती.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, नारायण पेठ, पुणे