गावाचं ‘नाही’ पोहोचवाल का?

मास कॉम, बीएमएम करून नोकरी शोधताय? मग ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ ही पोस्ट तुमच्या नजरेला पडली असेलच. आदिवासी भागात काम, भरपूर फिरती, लोकांशी संवादाची आवड हवी वगैरे. वाचायला भारी वाटतं. पण हा संवाद नेमका कोणाकडून कोणाकडे?

बरेचदा काम एवढंच असतं, की कंपनीचं नाहीतर सरकारचं म्हणणं पथनाट्यातून, रीलमधून गावात न्यायचं. त्याला ‘जनजागृती’ म्हणायचं. (म्हणजे गाव आजवर झोपलेलं होतं!) गावाचं म्हणणं परत आणणं मात्र कोणाच्याच टार्गेटमध्ये नसतं.

ओडिशातलं नियमगिरी बघा. डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी होती. डोंगरिया कोंध लोकांसाठी तो डोंगर म्हणजे त्यांचा देव. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांचं मत घ्यायला लावलं. १२ ग्रामसभा झाल्या, बाराही ‘नाही’ म्हणाल्या. असं उत्तर बॉसच्या टेबलावर जसंच्या तसं ठेवणं, हे माझ्या मते या करिअरमधलं सगळ्यात अवघड काम.

आपल्याकडे गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. घोषणेपेक्षा त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. तिथे अभ्यास गट बसतो. बाहेरचा माणूस त्यात माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. मोहन हिराबाई हिरालाल तिथे वर्षानुवर्षं असेच बसले, गावाच्या वतीने न बोलता. यात वेळ जातो, आणि मार्चअखेर रिपोर्ट मागणाऱ्यांना तो परवडत नाही.

भाषेचं तर विचारूच नका. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर, तरी आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. तिथे जायचं तर ती शिका. दुभाष्यावर किती दिवस काढाल? आणि खरं सांगायचं तर या जागांवर पहिला हक्क त्याच भागातल्या शिकलेल्या मुलामुलींचा. त्यांना नुसतं ‘फील्ड असिस्टंट’ करून ठेवणं बंद व्हायला हवं.

तरीही जायचंय? मग मुलाखतीत पगाराआधी एक विचारा: ग्रामसभेने नकार दिला, तर माझ्या रिपोर्टचं तुम्ही काय करणार? समोरचा उत्तराला किती वेळ घेतो, तेही बघा.